दोन पंप

हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसाला मृग नक्षत्राची वर्दी पावसाच्या आधी पाहुण्यांकडून मिळते. मेच्या अखेरीस नांदेड, परभणी, लातूर ह्या बाजूंनी निरोप येऊ लागतात. 'यंदा आमच्या दाजींना माशाचं औषध द्यावं म्हणतो. दोन दिवस तुमच्याकडे उतरू.' मराठवाडा १९५६ साली ह्या शहरापासून कारभाराने वेगळा झाला खरा. पण कोर्टकचेरी सुटली तरी सोयरीक आणि दवाखाना सुटला नाही. मृगाच्या सुमारास नामपल्लीच्या प्रदर्शन-मैदानावर दम्याच्या रोग्यांच्या रांगा लागतात. बथिनी गौड कुटुंबातील मंडळी मरळीच्या दोन-तीन इंची जिवंत पिल्लाच्या तोंडात पिवळसर लगदा भरतात आणि ते पिल्लू रोग्याच्या घशात सोडतात. मासा ज्यांना वर्ज्य असेल त्यांना तोच लगदा गुळातून मिळतो. औषधाचे पैसे घेत नाहीत. ही परंपरा १८४५ पासूनची असल्याचे ते कुटुंब सांगते. लगद्यात काय असते ते मात्र सांगत नाही. साथीमुळे २०२० ते २०२२ ही तीन वर्षे हा प्रघात बंद होता, २०२३ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाला, आणि त्याबरोबर आमच्याकडचे पाहुणेही.

मी त्या रांगेला हसत नाही. अंथरुणावर उठून बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून हवेचा घोट घोट ओढणारे माणूस रात्री तीन वाजता ज्याने स्वतःच्या घरात पाहिले आहे, त्याला कोणत्याही रांगेला हसण्याचा धीर होत नाही. तथापि त्या रांगेत उभ्या राहणाऱ्यांपैकी अनेकांना गुण आलेला असतो आणि ते तो शपथेवर सांगतात, ह्याचे मला पूर्वी मोठे कोडे वाटे. त्याचा उलगडा माशात नसून दम्याच्या स्वभावात आहे. दमा हा चढउताराचा रोग आहे. तो ऋतूबरोबर बळावतो आणि ऋतूबरोबर निवळतो. धूळ, धूर, सर्दी, परागकण ह्यांनी उसळतो आणि ती कारणे दूर झाली की कित्येक आठवडे माणसाला आपण रोगी आहोत ह्याचाच विसर पडतो. अशा रोगात उताराच्या वेळी जो कोणी जवळ उभा असेल त्याच्या गळ्यात हार पडतो. मग तो मासा असो, ताईत असो, की मुंबईहून आणलेली महागडी गोळी असो.

श्रेय कोणाला द्यावयाचे, हा प्रश्न दम्याच्या औषधांत सर्वांत अवघड आहे. तो मला कळला तो आमच्या आईमुळे. म्हणून आधी रोग थोडा समजून घेतला पाहिजे.

चरकाने श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. आज आपण ज्याला दमा म्हणतो तो साधारणपणे ह्यांपैकी तमकश्वास. आधुनिक वैद्यकाच्या दृष्टीने पाहिले तर दम्याच्या रोग्याच्या श्वासनलिकांत दोन वेगळ्या गोष्टी घडत असतात. एक, नलिकांभोवतीचे स्नायू एकाएकी आवळतात, आणि वाट अरुंद होते. दुसरी, नलिकांच्या आतल्या अस्तराला कायमची सूज असते. ते लालसर, हुळहुळे झालेले असते आणि त्यावर चिकट कफ धरतो. पहिली गोष्ट रोग्याला तात्काळ जाणवते. दुसरी बहुधा जाणवतच नाही. घरघर नाही, धाप नाही, माणूस भाजी आणावयास जातो, देवळात जातो, आणि आत मात्र ती सूज राखेखालच्या निखाऱ्यासारखी असते. वस्तुतः पहिल्या गोष्टीचे मूळ दुसरीत आहे. अस्तर हुळहुळे आहे म्हणूनच थोड्याशा धुरानेही स्नायू आवळतात.

मनुष्यजातीने हजारो वर्षे ज्या औषधांचा शोध घेतला ती जवळजवळ सर्व पहिल्या गोष्टीची, म्हणजे आवळलेले स्नायू सैल करणारी होती. हे स्वाभाविकच म्हणावयाचे. घुसमटणारा माणूस सूज कधी उतरेल हे विचारीत नाही. ह्या औषधांची वंशावळ मोठी मनोरंजक आहे, आणि तीत आपल्याकडचा धोत्राही आहे. शंकराला वाहिला जाणारा हाच धोत्रा आपल्या देशात दम्यावर चिलमीतून ओढीत असत. मद्रासेतल्या इंग्रज मंडळींनी तो प्रकार पाहिला आणि १८०२ च्या सुमारास विलायतेत नेला. पुढे शंभराहून अधिक वर्षे युरोपात दमेकऱ्यांसाठी धोत्र्याच्या विड्या विकल्या जात होत्या. धोत्रा विषारी, त्यामुळे तो धूर घेता घेता भ्रम होणे, डोळ्यांपुढे धुके येणे हेही घडे. आज इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम ह्या नावांनी जी औषधे श्वासावाटे दिली जातात ती त्याच धोत्र्याची सुधारलेली, शहाणी नातवंडे आहेत.

दुसरे घराणे चहा-कॉफीचे. हेन्री हाइड सॉल्टर ह्या इंग्रज डॉक्टराला स्वतःला दमा होता आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याने कडक काळ्या कॉफीची शिफारस केली. १८८८ मध्ये आल्ब्रेख्त कोसेल ह्या जर्मन शास्त्रज्ञाला चहाच्या पानांत थिओफिलिन सापडले. आपल्याकडे डेरिफायलिन ह्या नावाची जी गोळी घरोघरी ठाऊक आहे ती ह्याच घराण्यातली. तिची अडचण अशी की, गुण येण्याचे प्रमाण आणि बाधण्याचे प्रमाण ह्यांत फारच थोडे अंतर आहे. जरा अधिक झाले की मळमळ, धडधड, क्वचित त्याहून वाईट. तिसरे घराणे चिनी. माहुआंग नावाच्या झुडपातून नागाई ह्या जपानी शास्त्रज्ञाने १८८५ साली एफेड्रिन वेगळे काढले. त्याचेच थोरले भावंड म्हणजे आपल्या शरीरातले ॲड्रिनलिन. ते १९०३ पासून दम्याच्या झटक्यात सुईने टोचू लागले. श्वास मोकळा होई, पण त्याबरोबर हृदयही घोड्यासारखे उधळे.

ह्या घराण्याला हाताच्या मुठीत मावणारे रूप मिळाले त्याची हकीकत मला फार आवडते. अमेरिकेत रायकर नावाच्या औषधी कंपनीच्या प्रमुखाची तेरा वर्षांची मुलगी दमेकरी होती. रबरी फुग्याने दाबावयाच्या काचेच्या नाजूक फवारणीला ती कंटाळली होती. १९५५ मध्ये तिने वडिलांना विचारले की, केसांवर मारावयाच्या फवाऱ्यासारख्या डब्यात माझे औषध का भरत नाहीत? वर्षभरात तसा पंप तयार झाला आणि १९५६ मध्ये तो बाजारात आला. आणखी १३ वर्षांनी, १९६९ मध्ये सालब्युटामॉल आले. ह्याने श्वासनलिकांचे स्नायू सैल होतात, पण हृदयाला तितका धक्का बसत नाही. आईच्या उशाशी असलेल्या निळ्या पंपात तेच आहे. काही मिनिटांत वाट मोकळी होते आणि चार-सहा तास मोकळी राहते.

इतके गुणी औषध आणि त्याच्याविषयी तक्रार कसली? तक्रार अशी की, ते सुजेला स्पर्शही करीत नाही.

आईला दोन पंप दिलेले होते. एक निळा, लागेल तेव्हा घ्यावयाचा. दुसरा तपकिरी, बुडेसोनाइडचा. सकाळी दोन आणि रात्री दोन फवारे, बरे असो वा नसो. (रंगाचा हा संकेत सर्व कंपन्या पाळतातच असे नाही, म्हणून डब्यावरचे नाव वाचावे हे उत्तम.) मला घरखर्चाची वही ठेवण्याची कारकुनी सवय आहे. गेल्या मार्चमध्ये वर्षअखेरीचा ताळा घेताना औषधांच्या पानावर माझे बोट थांबले. वर्षभरात निळे पंप नऊ आले होते आणि तपकिरी दोन. एका पंपात २०० फवारे असतात. नऊ पंप म्हणजे १८०० फवारे, अर्थात रोजचे जवळजवळ पाच. आणि तपकिरी? रोज चारच्या हिशेबाने वर्षाला सातांहून अधिक लागावयास हवे होते. मी आईला विचारले. ती स्वयंपाकघरात लसूण सोलीत होती. मान वर न करता म्हणाली, 'अरे, निळ्यानं लगेच मोकळं वाटतं. त्या दुसऱ्यानं काय होतं? काहीसुद्धा होत नाही. उगीच औषध वाया कशाला घालवायचं?'

ह्या उत्तरात तर्कदोष काढणे कठीण आहे. भूक लागली असता ज्या पदार्थाने पोट भरते त्याला अन्न म्हणावे, हा साऱ्या जगाचा न्याय तिने औषधाला लावला होता. आमच्या कचेरीतही तेच चालते. ज्या फाइलीवर 'तात्काळ' अशी चिठ्ठी असते ती हातोहात फिरते. आणि ज्या रोजच्या नोंदी नीट ठेवल्या असत्या तर ती फाइल तात्काळ झालीच नसती, त्या नोंदी ठेवणाऱ्याची कोणी चौकशी करीत नाही.

परंतु निळ्या पंपाचा आकडा ही केवळ खर्चाची बाब नव्हती. छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे आईला घेऊन गेलो तेव्हा मी तो आकडा एका चिठ्ठीवर लिहून नेला होता. त्यांनी स्टेथोस्कोप नंतर लावला, आधी ती चिठ्ठी वाचली. वर्षाला असे तीन किंवा अधिक पंप लागू लागले की झटक्यांचा धोका वाढतो, आणि महिन्याला एक ह्या गतीने, म्हणजे बारांच्या घरात गेले की मृत्यूचा धोका वाढतो, असे जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत नमूद आहे. आई बारापासून तीन पंपांवर होती. आणि तिला स्वतःला आपले ठीक चालले आहे असे वाटत होते, कारण प्रत्येक वेळी निळ्याने मोकळे वाटत होते.

ह्या मोकळे वाटण्याने पूर्वी फार मोठा घात केलेला आहे. साठीच्या दशकात इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा काही देशांत दम्याने मरणाऱ्या तरुणांची संख्या एकाएकी वाढली. तेव्हा आयसोप्रिनलिन ह्या औषधाचे अधिक जहाल पंप तेथे विकले जात होते. औषध हृदयाला बाधले, की त्याच्या भरवशावर रोगी इस्पितळात उशिरा गेले, ह्याविषयी पुष्कळ वाद झाला. पंपांबद्दल इशारे देण्यात आल्यावर मृत्यू घटले. मग १९७६ च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये पुन्हा तोच प्रकार, ह्या वेळी फेनोटेरॉल नावाच्या औषधाच्या काळात. आराम देणारे औषधच रोग्याला बेसावध करते. शिवाय ते वारंवार घेतल्याने शरीर त्याला सरावते आणि पूर्वी दोन फवाऱ्यांत भागणारे चारांतही भागेनासे होते.

तर मग आईने तपकिरी पंप रोज का घेऊ नये? लगेच काही वाटत नाही हे एक कारण झाले. दुसरे तिने डॉक्टरीणबाईंसमोरच सांगितले. त्यांच्या तोंडून 'स्टिरॉइड' हा शब्द निघताच तिने माझ्याकडे पाहिले आणि मराठीत म्हणाली, 'हे नको रे. ह्यानं हाडं ठिसूळ होतात म्हणतात.'

येथे मला थोडे मागे गेले पाहिजे. काही वर्षांपूर्वी, आई गावी असताना, कोणीतरी तिला दम्याच्या पुड्या आणून दिल्या होत्या. पांढरी, कडू भुकटी. कागदावर नाव नाही, गाव नाही. 'झाडपाल्याची आहे, अपाय नाही' एवढेच सांगणे. आणि गुण काय विचारता! आठ दिवसांत धाप पळाली, भूक लागली, तोंडावर तजेला आला. चार-सहा महिन्यांत तिचा चेहरा पुरणपोळीसारखा गोल झाला, आणि आळीतल्या बायका तिला 'तब्येत छान सुधारली हो तुमची' असे म्हणू लागल्या. पुढे पायांची कातडी कागदासारखी पातळ झाली, जरा लागले की निळे डाग पडू लागले, रक्तात साखर निघाली. पुड्या आणणारा माणूस यावयाचा थांबला तेव्हा दम्याने तिला इस्पितळातच नेले. तेथल्या डॉक्टरांनी चेहरा पाहूनच सांगितले की, त्या भुकटीत स्टिरॉइडच असले पाहिजे, तेही भरपूर. झाडपाल्याच्या नावाखाली अशी भेसळ हा काही नवलाचा प्रकार नाही.

म्हणजे जे औषध नाव न सांगता आले ते तिने चमच्याने खाल्ले, आणि तेच औषध स्वतःचे नाव सांगून, कणाएवढे होऊन आले तेव्हा तिला भीती वाटली. तिची भीती मला खोटी म्हणवत नाही. ती अनुभवातून आलेली होती. फक्त ती चुकीच्या दारावर जाऊन बसली होती.

स्टिरॉइडांचा हा इतिहास फार दूरचा नाही. कॉर्टिझोनच्या कामगिरीबद्दल केंडल, राइखस्टाइन आणि हेंच ह्यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. सूज उतरविणारे इतके बलवान औषध त्यापूर्वी कोणी पाहिले नव्हते. दम्यावर ते रामबाण ठरले. पण गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांची गत आईसारखीच होऊ लागली. मग प्रश्न असा निघाला की, सूज जर श्वासनलिकांत आहे तर औषध सगळ्या शरीरभर का हिंडवावे? १९७२ मध्ये बेक्लोमेथासोन पंपातून देण्यास प्रारंभ झाला, आणि माझ्या मते दम्याच्या वैद्यकातली सर्वांत मोठी पायरी तीच. आकड्यांवरून त्याची कल्पना येते. झटक्यात प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतात त्या दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. बुडेसोनाइडच्या एका फवाऱ्यात २०० मायक्रोग्रॅम. आईचे दिवसाचे चार फवारे मिळून ८००. ही दोन औषधे वजनाला एकास एक नाहीत हे खरे, बुडेसोनाइड अधिक तीव्र आहे. तरीही अंतर अफाटच आहे. हाच न्याय निळ्याला. सालब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, आणि एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा. एका गोळीत ४० फवारे! 'पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी सौम्य' असे म्हणणाऱ्या आपल्या लोकांनी ही वजाबाकी एकदा करून पाहावी. गोळ्यांचे स्टिरॉइड सर्वस्वी त्याज्य आहे असेही नव्हे. भर झटक्यात पाच-सात दिवस त्या घेतल्याने प्राण वाचतात. डॉक्टरांच्या नजरेखाली आणि मोजून, एवढेच.

डॉक्टरीणबाई तेलुगू, आईला 'अम्मा' म्हणत होत्या. हैदराबादी हिंदीत त्यांनी तिला विचारले की, घरी दिवाबत्ती रोज करता ना? रोज केल्याने लगेच काय दिसते? आई हसली, पण पटले असे वाटले नाही. मग त्यांनी तिला तिच्याच पंपातून फवारा घेऊन दाखविण्यास सांगितले. तिने तोंड उघडले, पंप दाबला, आणि औषधाची वाफ तोंडातून तशीच बाहेर आली. कितीतरी दिवस निम्मे औषध घशाला आणि निम्मे हवेला जात होते. डबा हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, मग हळू, लांब श्वास आत घेताना पंप दाबावा, आणि दहा अंक मोजेपर्यंत तो आत धरावा. पुडीवजा कॅप्सूल घालावयाच्या रोटाहेलरचा नियम नेमका उलटा. तेथे श्वास जोराने व झटकन ओढावा लागतो, कारण भुकटी आपोआप उडत नाही. आईचा हात आणि श्वास यांचा मेळ बसेना तेव्हा स्पेसर नावाची प्लॅस्टिकची पोकळ नळकांडी मिळाली. फवारा तीत सोडावयाचा आणि सावकाश श्वासाने ओढावयाचा. स्टिरॉइडनंतर खळखळून चूळ भरावयाची, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात, आवाज बसतो. ह्या सगळ्या गोष्टी पाच मिनिटांच्या. पण औषधाच्या नावाइतक्याच महत्त्वाच्या.

बाकीच्या औषधांविषयी फार लिहीत नाही. मॉन्टेल्युकास्टची गोळी १९९८ मध्ये आली. ॲलर्जीच्या सर्दीबरोबर दमा असेल तर ती उपयोगी पडते, पण काहींचा स्वभाव तीने बिघडतो, झोप मोडते, मन काळवंडते, म्हणून २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने तिच्यावर ठळक इशारा छापावयास लावला. तीव्र दम्यासाठी २००३ पासून ओमालिझुमॅबसारखी इंजेक्शने निघाली आहेत. त्यांची किंमत ऐकूनच कारकुनाला धाप लागते.

एक मोठी गोष्ट मात्र सांगावयाची राहिली. फॉर्मोटेरॉल नावाचे औषध स्नायू तितक्याच झटपट सैल करते आणि बारा तास काम करते. ते आणि बुडेसोनाइड एकाच पंपात भरले की, ज्या क्षणी रोगी आरामासाठी पंप दाबतो त्याच क्षणी त्याच्या नकळत सुजेचेही औषध पोटात नव्हे, छातीत जाते. २०१९ मध्ये जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी मोठांच्या आणि किशोरांच्या दम्यावर केवळ निळ्या पंपाने उपचार करणे थांबवावे असे सांगितले ते ह्याच विचाराने. माणूस लगेच वाटणाऱ्या गोष्टीकडेच धावणार हे त्यांनी गृहीत धरले, आणि त्याच्या धावण्याच्या वाटेवरच औषध ठेवून दिले. पन्नास वर्षे रोग्याला उपदेश करून जे साधले नाही ते असे साधावयाचे. मला ही युक्ती फार शहाणपणाची वाटते.

आईला आता हा जोडपंप दिला आहे. सकाळ-संध्याकाळ, आणि लागले तर मध्येही तोच. पहिले तीन आठवडे ती रोज 'फरक काही नाही' असे म्हणे. चौथ्या आठवड्यात तिने तसे म्हणणे सोडले, आणि रात्री तीनचा तिच्या खोलीतला दिवा लागेनासा झाला. निळा पंप काढून ठेवावा असे डॉक्टरीणबाईंनी सुचविले होते. तो तिने दिला नाही. 'राहू दे रे, उशाशी असला म्हणजे बरं वाटतं,' असे म्हणते. मी अधूनमधून त्यावरचा आकडा पाहतो. गेल्या दोन महिन्यांपासून तो १६४ वरच आहे.